दारूकाम होम मैदानावर शोभतं

"दादा, मी वीस वर्षांचा, डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. मोठा भाऊ आणि मी आठ महिन्यांपासून मेकवॉरियर ऑनलाइन खेळतोय, म्हणजे आत बसून चालवायच्या राक्षसी लढाऊ यंत्रमानवांचा, मेक्सचा, खेळ. तो अ‍ॅटलास नावाचा मेक घेऊन पुढे घुसतो, मी मागे थांबून लांब पल्ल्याची मिसाईल्स सोडतो. मॅच संपल्यावर डॅमेजच्या यादीत बहुतेक वेळा मीच वर असतो, तरी आम्ही हरतो आणि टीममधले मलाच बोलतात. भाऊ तर घरात सगळ्यांसमोर मला 'गच्चीवरनं दगड मारणारा' म्हणतो. आता एक मेक विकत घेण्याइतके सी-बिल्स, म्हणजे खेळातले पैसे, साठलेत. कॅटापल्ट, आर्चर की स्टॉकर? आणि मिसाईलवाला खरंच पळपुटा असतो का?
गोंधळलेला पायलट, जुळे सोलापूर"

गच्चीवरनं दगड मारणारा! तुझ्या भावाला एकदा भेटलं पाहिजे बे. नेमकं बोलणारी माणसं कमी झालीत.

रागावू नको. मिसाईलवाला पळपुटा नसतो, हे आधीच सांगून टाकतो. पण तू सध्या करतोयस त्याला फायर सपोर्ट, म्हणजे मागून माऱ्याची साथ, म्हणत नाहीत. पुरावा तूच पत्रात दिलायस: डॅमेज सगळ्यात जास्त, आणि निकाल काय, तर हार.

तो डॅमेजचा आकडा डोक्यातून काढ. लांब पल्ल्याची मिसाईल्स, आपण एलआरएमच म्हणू, एकदम पंधरा सुटतात आणि समोरच्याच्या अंगभर पसरतात. दोन हातावर, तीन पायावर, चार खांद्यावर, उरलेली जमिनीत. मेक मरतो कधी? छातीचा मधला भाग फुटला, डोकं उडालं किंवा दोन्ही पाय गेले की. तुझा दादा जवळ जाऊन दणका देतो तो एका जागी बसतो. तू त्याच मेकला डोक्यापासून पायापर्यंत रंगवून काढतोस. आकडा मोठा दिसतो, पण रंगपंचमीला कुणी मरत नाही.

टीममधल्यांच्या शिव्यांचं खरं कारण मात्र वेगळं आहे आणि ते कुणी तुला नीट सांगितलेलं दिसत नाही. बारा विरुद्ध बारा असा हा खेळ. प्रत्येकाच्या अंगावर चिलखत असतं आणि ते सगळं मिळून टीमचं एकच गाठोडं समजायचं. पुढचा मार खाऊन थोडा मागे सरकतो, तेवढ्यात दुसरा पुढे होऊन चार फटके स्वतःच्या अंगावर घेतो, मग पहिला परत येतो. तू सातशे मीटरवर डोंगरामागे उभा राहिलास की तुझ्या वाट्याचं चिलखत गाठोड्यात येतच नाही. उरलेले अकराजण बाराजणांचा मार खातात. शेवटी ते सगळे पडतात आणि तू कोऱ्या चिलखतानिशी एकटा उरतोस. मग समोरचे आठजण येऊन तुला निवांत फोडतात. असंच होतं ना?

मीही यातून गेलोय. नव्या पेठेत माझा सायबर कॅफे होता तेव्हापासून मला या लोखंडी राक्षसांचं वेड. या खेळात आलो तेव्हा पहिला मेक घेतला कॅटापल्टचा ए-वन हा प्रकार. का, तर त्यात मिसाईल लावायला सहा जागा. सहा! मोजूनच पोट भरलं. लेझरला एकही जागा नाही, याकडे कोण बघतो? तिसऱ्या का चौथ्या मॅचला वीस टनांचं एक लोकस्ट, आपल्या रिक्षापेक्षा थोडं मोठं वाटावं असं, माझ्या पाठीमागे येऊन उभं राहिलं. माझ्याकडे सहा लाँचर भरलेले, आणि त्याला साधा ओरखडा काढता येईना. ते शांतपणे माझी पाठ सोलत होतं आणि मी खुर्चीत बसून बघत होतो. चहाही गार झाला.

असं का झालं, तर एलआरएम १८० मीटरच्या आत बिनकामाचं. आदळतं, पण इजा करत नाही. मेक्सचं हे सगळं विश्व मुळात १९८४ साली फासा या अमेरिकन कंपनीने काढलेल्या बॅटलटेक या पटावरच्या खेळातून आलंय. त्या पटावर षटकोनी घरं असतात आणि एक घर म्हणजे ३० मीटर. एलआरएमला सहा घरांच्या आत नीट मारता येत नव्हतं, तेच हे १८०. मीडियम लेझरचा पल्ला नऊ घरं, म्हणजे २७०. हे दोन आकडे भिंतीवर लिहून ठेव. १८० मीटर म्हणजे क्रिकेटच्या नऊ खेळपट्ट्या एकापुढे एक. तेवढ्यात कुणी आला तर तुझ्या मिसाईल्सना सुट्टी आणि लेझरची ड्युटी सुरू. १८० ते २७० या पट्ट्यात दोन्ही चालतात, आणि चांगला मिसाईलवाला या पट्ट्यात उभं राहायला घाबरत नाही.

आता मेक. तू तीन नावं दिलीस, त्यातलं स्टॉकर आधी बाजूला ठेवू. ८५ टन, शस्त्रं भरपूर, दिसायला रुबाबदार. पण चाल बघ. या खेळात वेगाचा हिशेब साधा आहे: इंजिनाच्या आकड्याला मेकच्या टनांनी भागायचं आणि १६.२ ने गुणायचं. स्टॉकर मूळ इंजिनावर येतो ताशी जेमतेम ४९ किलोमीटर. कॅटापल्ट आणि आर्चर दोघंही ६५च्या आसपास. अनोळखी टीममध्ये खेळताना तू पाहिलं असशील, मॅच सुरू झाली की सगळे मॅपच्या मधल्या डोंगराला प्रदक्षिणा घालत सुटतात. खेळाडू त्याला नॅसकार म्हणतात, गोल ट्रॅकवरच्या अमेरिकन मोटार शर्यतीवरून. सिद्धरामेश्वराला प्रदक्षिणा घालताना म्हातारी माणसं मागे पडली तर कुणीतरी हात देतं. इथे देत नाही. मागे राहिलेला स्टॉकर समोरच्या टीमच्या पुढच्या फळीच्या थेट तोंडी जातो. चाल शिकून झाल्यावर घे हवा तर, आज नको.

आर्चर ७० टनांचा, एलआरएमसाठीच जन्माला आलेला. मूळ रूपात वीसचे, म्हणजे एका वेळी वीस मिसाईल्स सोडणारे, दोन लाँचर. चिलखत दांडगं. वाईट मुळीच नाही. पण मूळ आर्चरला उडी नाही, आणि तुझी सवय डोंगरामागे बसायची. उडी नसलेला मेक तुला त्या सवयीतच ठेवेल, असं मला वाटतं. हे मेकपेक्षा तुझ्याबद्दलचं मत आहे, पटलं नाही तर सोडून दे.

माझं मत कॅटापल्ट सी-वनला. ६५ टन. मिसाईलच्या दोन जागा, त्या दोन्ही बाजूंच्या पेट्यांत, ज्यांना सगळे कान म्हणतात. लेझरच्या चार जागा. वर उडी मारायला जम्प जेट्स. ए-वनच्या सहा जागांना भुलू नको, माझी गोष्ट आत्ताच वाचलीस. सी-वन तुला दोन्ही कामं करायला लावतो, आणि तुझ्या दुखण्यावर हेच औषध आहे.

भरणी कशी करायची ते सांगतो. लाँचरची वजनं अशी: पाचचा २ टन, दहाचा ५, पंधराचा ७, वीसचा १०. वीसचे दोन लावले तर २० टन तिथेच गेले, मग दारूगोळा कशात ठेवणार? पंधराचे दोन लाव, १४ टन. त्यावर आर्टेमिस, म्हणजे मिसाईल्सना वाट दाखवणारं यंत्र, प्रत्येक लाँचरला एक टन जास्त. आर्टेमिसमुळे मिसाईल्स कमी पसरतात आणि लॉक, म्हणजे मिसाईल्स ज्याच्या मागे जातात ती शत्रूवरची पकड, लवकर लागतो, पण एक अट आहे: शत्रू तुझ्या स्वतःच्या डोळ्यांसमोर हवा. डोंगरामागून दुसऱ्याच्या भरवशावर सोडलेल्या मिसाईलला आर्टेमिसचा काडीचा उपयोग नाही. मी मुद्दाम सांगतोय लावायला. दोन टन खर्च केले की ते वसूल करायला माणूस आपोआप पुढे सरकतो. तिकीट काढलं की आपण कंटाळवाणा पिक्चरही शेवटपर्यंत बघतो, तसं.

चार लेझरपैकी एका जागी टॅग लाव. एक टनाचा लेझर, इजा काही करत नाही, फक्त शत्रूवर धरून ठेवायचा. लॉक लवकर होतो, आणि ईसीएम लावून रडारवर लपलेल्यालाही लॉक करता येतं. उरलेल्या तीन जागी मीडियम लेझर. गोळा सहा टन, जमेल तेवढा पायांत ठेव, कारण पाठ फोडणारा नेमका धडाच्या बाजूंवर मारतो आणि गोळा तिथे असला की फुटू शकतो. जम्प जेट दोन पुरे. इंजिन ३००चं बसवलंस तर वेग ७५च्या जवळ जातो. आपल्या मे महिन्यात दुपारी दोनला मंगळवार पेठेत पायी फिरणारा माणूस आणि टेरा थर्मा या तापलेल्या मॅपवरचा कमी हीट सिंकवाला मेक, दोघांचं एकच होतं, त्यामुळे उरलेलं वजन मेक थंड ठेवणाऱ्या हीट सिंकला.

पाच-पाचचे ढीगभर लाँचर लावायचा सल्ला तुला मिळेल. वजनाला हलके, भरतात लवकर, पसरतात कमी, खरं आहे सगळं. पण समोरच्याने अर्ध्या टनाचं एएमएस लावलं असेल तर ते येणारी मिसाईल्स हवेतच टिपतं. पाच-पाचची चिल्लर ते खाऊन टाकतं. तीस एकदम आली की काही तरी आत पोचतातच. आणि मुळात सी-वनला जागाच दोन.

आता चालवायचं. इथे मी जरा जास्त बोलणार.

गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर शोभेचं दारूकाम होतं. आख्खं सोलापूर माना वर करून बघतं. वर जातं, फुटतं, रंग पसरतात, खाली राख. सातशे मीटरवरून सोडलेली मिसाईल्स म्हणजे तेच दारूकाम. सहाशे मीटर कापायलाच त्यांना तीन-चार सेकंद लागतात. मिसाईल येतंय असा इशारा समोरच्याच्या कॉकपिटमध्ये लगेच वाजतो. तीन-चार सेकंदांत माणूस दगडाआड सरकतो. काहींनी रडार डेप्रिव्हेशन घेतलेलं असतं, त्यांचा तर आडोशाला गेल्या क्षणी लॉक तुटतो. लॉक तुटला की मिसाईल्स तो शेवटचा जिथे दिसला तिथे जाऊन पडतात, म्हणजे दगडावर. पोलर हायलँड्ससारख्या उघड्या मॅपवर हे कधी कधी खपून जातं. मला वाटतं तुझे बरेचसे आकडे तिथलेच असणार. कॅनियन नेटवर्कवर कड्याकड्यांतून तसं करून बघ, तू निम्मा गोळा खडकांना वाहशील.

म्हणून अंतर ३०० ते ४५० मीटर. पुढच्या फळीच्या मागे, पण दुसऱ्या फळीत, तिसऱ्या-चौथ्या नाही. तिथून शत्रू डोळ्यांना दिसतो, म्हणजे आर्टेमिस चालतं, टॅग चालतो, मिसाईल दोन सेकंदांत पोचतं. लॉक केलेला शत्रू स्वतःला दिसत असला की मिसाईल्सची वाटही सपाट होते, उंच कमानीतून जात नाहीत, त्यामुळे छपरांना आणि कड्यांना कमी अडकतात.

आणि तिथून तुझ्यावरही मारा होईल. होऊ दे. दोन फटके घे, मेकच्या कानांची दारं बंद कर, अंग फिरव, आडोशाला ये, परत जा. मॅचच्या शेवटी तुझं चिलखत निम्मं उतरलेलं पाहिजे. शंभर टक्के कोरं असेल तर त्या दिवशी तू कामावर गेला नाहीस असं समज.

माझ्या मामांचा अक्कलकोट रोडला पॉवरलूमचा कारखाना होता, टॉवेल निघायचे. तिथे एक जॉबर होते. त्यांच्याकडे स्वतःचा माग नव्हता. कामगार मागांवर, हे मधल्या वाटेत फिरत, खिशात पाना. त्या खडखडाटात आपल्याला शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, पण यांना मात्र पलीकडच्या ओळीतल्या एका मागाचा ठोका चुकलेला कळायचा. तो माग बंद पडायच्या आत हे तिथे हजर. ऑफिसात पंख्याखाली बसून त्यांना ते जमलं नसतं, आणि स्वतः एका मागावर बसून तर अजिबातच नाही. तुझी जागा ती आहे. मधली वाट.

आता ठोका चुकलाय कुणाचा, हे कसं ओळखायचं? सगळ्यात जवळचा किंवा सगळ्यात मोठा शत्रू निवडू नको. तुझ्या दादाशी भिडलेला असेल तो निवड. तो अ‍ॅटलासच्या शंभर टनांकडे तोंड करून उभा असतो, दगडाआड जायचं तर पाठ दाखवावी लागते. कॉकपिटमध्ये मिसाईलचा इशारा वाजतोय, पडदा हादरतोय, नेम धरवत नाही. तीस मिसाईल्सपैकी वीस बसली आणि कुठेही बसली तरी चालतील, कारण त्या गोंधळात त्याचा पुढचा फटका दादाच्या छातीऐवजी आभाळात जातो. हे डॅमेजच्या यादीत दिसत नाही. दादाला मात्र दिसेल.

एका भिडलेल्यावर एकदा लॉक लागला की मिसाईल्स पोचेपर्यंत नजर हलवायची नाही. तुम्ही पोरं सोडता आणि लगेच दुसरीकडे बघता.

लोकस्ट, जेनर असलं काही पाठीमागे आलं तर पळू नको, ते तुझ्या दुप्पट वेगाने येतं. पाठ भिंतीला किंवा कड्याला लाव, म्हणजे त्याला मागून जाता येणार नाही. मिसाईलचं बटण सोड, तिन्ही लेझर एकाच पायावर. छातीवर मारायच्या नादाला लागू नको, हलणाऱ्या छोट्या मेकचा पाय गेला की तो लंगडतो आणि पुढचं काम बाकीचे करतात. माईकवर ओरड. त्यासाठीच सुरुवातीपासून टीमच्या हाकेच्या अंतरात राहायचं. शस्त्रांचे गट वेगळे लाव: एकात मिसाईल्स, दुसऱ्यात लेझर, तिसऱ्यात टॅग. सगळं एकाच बटणावर असलं की घाबरल्यावर माणूस सगळंच दाबतो, मेक तापून बंद पडतो आणि लोकस्टला आयती मेजवानी.

सोलापुरातून खेळताना लांबच्या सर्व्हरवर पिंग, म्हणजे संदेश पोचायला लागणारा वेळ, जास्त येतं, हे तुलाही माहीत आहे. लेझरवाल्याला त्याचा त्रास होतो, कारण त्याला नेम स्वतः धरावा लागतो. एलआरएम लॉकच्या मागे स्वतः जातं. म्हणजे आपल्यासारख्यांना मिसाईलवाला होणं तसं सोयीचंही आहे. हे दादाला सांगू नको, तो त्याचंही काहीतरी करेल.

दादाशी मात्र एक व्यवहार कर. तो पुढे घुसतो, पण समोरच्याला टार्गेट करायला विसरतो, असा माझा अंदाज आहे. पुढे घुसणारे सगळे विसरतात, त्यांना हाताशी भिडायची घाई असते. त्याने आरचं बटण दाबून शत्रूला टार्गेट केलं की तो शत्रू तुझ्या रडारवर येतो, आणि तू अजून कड्याआड असलास तरी लॉक लावू शकतोस. पुढे यायला तुला दहा सेकंद लागणार असतील तर त्या दहा सेकंदांत एक माळ दादाच्या टार्गेटवर सोडता येते. एक बोट, एक बटण. तुम्ही दोघं एकाच घरात, कदाचित एकाच खोलीत बसून खेळता. हाक मारून सांगता येतं ते माईकवर कशाला?

सी-बिल्स लगेच उडवू नको. ट्रायल मेक्समध्ये, म्हणजे विकत न घेता वापरता येणाऱ्यांत, कॅटापल्ट असेल तर दहा मॅच त्यावर खेळ, नसेल तर आहे तो मेक टेस्टिंग ग्राउंडवर नेऊन ३०० मीटर कसे दिसतात ते डोळ्यांत बसव. अंतराचा आकडा लॉकशेजारी दिसतोच, तो वाचायची सवय लाव. मॅच संपल्यावर डॅमेजची यादी उघडू नको. मेक पडला तर कुठला भाग आधी गेला आणि नाही पडला तर चिलखत किती उरलं, एवढंच वहीत लिही. दहा ओळी झाल्या की मला पाठव, मग आर्टेमिस ठेवायचं की काढायचं ते ठरवू.

आणि या दहा मॅचेसमध्ये दादा आर दाबायला कितीदा विसरला, तेही त्याच वहीत लिहून ठेव. रात्री जेवताना, सगळे बसलेले असताना, वाचून दाखव.